पहिली खपली

१९ सप्टेंबर

वही नवी आहे म्हणून अक्षर नीट काढतोय. चार पानांत ते मूळ पदावर येईल. हर्षलाचं म्हणणं असं की, घरी आल्यावर तू लॅबमधल्या गोष्टी सांगत बसतोस आणि माझं जेवण तसंच राहतं, त्यापेक्षा लिहून काढ. बायकोने नवऱ्याला वही भेट दिली ती अशी, त्याचं तोंड बंद करायला.

आज अलिबागला प्रशिक्षण होतं. आमच्या रुग्णालयातून लॅबवाला म्हणून मला पाठवलं. विषय स्क्रब टायफस. गवतात, झुडपात डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. त्यांची पिल्लं चावली की जंतू अंगात शिरतो. ताप येतो तो डेंग्यूसारखा, लेप्टोसारखा, कशासारखाही. रक्ताची तपासणी पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा काही दाखवतच नाही. पण किडा चावला तिथे एक काळी खपली धरते. ती अलगद उचलून नळीत घालायची आणि बर्फाच्या डब्यातून मुंबईला पाठवायची. खपलीत जंतू थेट सापडतो. औषध म्हणजे साधी, स्वस्तातली गोळी. वेळेवर दिली तर माणूस दोन दिवसांत उठून बसतो. नाही दिली तर फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू असं एकेक बसत जातं.

शिकवायला आलेल्या सरांनी पडद्यावर फोटो दाखवले. विडीचा चटका दिल्यासारखा डाग, मध्ये काळा, भोवती लाल कडा. सर म्हणाले, "ही खपली दुखत नाही, खाजत नाही. पेशंटला ती आहे हे माहीतही नसतं. कपडा जिथे घट्ट बसतो तिथे किडा अडतो. नाडी, पट्टा, काख. विचारून मिळणार नाही, तुम्हाला शोधावी लागेल." शेजारी बसलेला खालापूरचा किशोर माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे आता आपण लोकांच्या नाड्या सोडत फिरायचं." आम्ही दोघे इतके हसलो की सरांनी उभं केलं. पस्तिशीत उभं राहायची शिक्षा! चहा मात्र चांगला होता.

नमुना घ्यायची पेटी मिळाली. आमच्या भागात ती आता फक्त माझ्याकडे आहे. येताना गाडीत मांडीवरच ठेवली होती.

२२ सप्टेंबर

सराव केला. माणसाची खपली सरावाला कोण देणार? हर्षलाने तव्यावरून भाकरी उतरवली, तिच्यावर करपलेला पापुद्रा होता. चिमट्याने तो खालच्या पदराला धक्का न लावता उचलायचा. पहिले दोन फाटले, तिसरा अख्खा निघाला. हर्षला म्हणाली, "भाकरीचं ऑपरेशन झालं असेल तर पेशंट खाऊ का मी?" आई ओट्यापाशी गुडघा चोळत बसली होती, तीसुद्धा हसली.

माझा हात स्थिर आहे. हे मी स्वतःच्या वहीत लिहितोय, त्यामुळे नम्रपणा दाखवायचं कारण नाही. लहान बाळाची शीरसुद्धा मला एका टोचणीत मिळते. डॉक्टर लोक तिसऱ्या प्रयत्नानंतर मलाच बोलावतात.

२९ सप्टेंबर

आठवडा कोरडा गेला. तापाचे पेशंट रांग लावून आहेत, खपली एकाकडेही नाही. येईल त्याला विचारतो, "अंगावर कुठे काळी खपली?" लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. शिळफाट्याच्या एका भाजीवाल्याने पायातलं कुरूप दाखवलं आणि हेही काढा म्हणाला. समीक्षा सिस्टर कर्जतची आहे, माझ्यापेक्षा लहान, पण तोंडाने माझी आजी. ती म्हणाली, "दादा, तुमी खपली विचारता तेव्हा तुमचा चेहरा उधारी मागायला आल्यासारखा दिसतो."

आमच्या डॉक्टर सुप्रिया मॅडमनाही आता अशी खपली खरंच मिळते का, ही शंका यायला लागली आहे. मला स्वतःला तर फारच.

४ ऑक्टोबर

मिळाली!

भिवपुरीच्या पॉवरहाऊसच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला पोशा त्याच्या बायकोला टेंपोत घालून घेऊन आला. कोंडी तिचं नाव. वय तिशीच्या आत असेल. पाऊस उघडल्यापासून एका फार्महाऊसचं गवत काढायला जात होती. आठवडा होत आला ताप आहे. डोळे लाल, डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. सोबत पोशाची आई, म्हातारी बुधी. ती दाराबाहेरच बसून राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

पोशा म्हणाला, "सायेब, ताप उतरत नाय. काय खात नाय, पानी पन उलटून टाकतं."

मॅडमनी तपासलं. डेंग्यूच्या कार्डावर पुसट रेघ आली, धड हो नाही, धड नाही नाही. पेशी कमी झालेल्या. गवताचं काम ऐकून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पेटी घेऊनच उभा होतो.

पडदा ओढून विचारलं, "ताई, कुठे जखम आहे? कुठे दुखतं, आग होते?" तिने पदर थोडा सरकवला. बेंबीच्या उजव्या बाजूला रुपयाएवढा डाग. मध्ये काळी खपली, भोवती लाल कडा. प्रशिक्षणातला फोटोच कोणी उचलून तिथे चिकटवलाय असं वाटलं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

समीक्षा म्हणाली, "दादा, हिला गाऊन घालते आणि बाकीचं अंगपण बघून घेते." पण कोंडीने परकराची नाडी मुठीत गच्च धरली आणि नको नको अशी मान हलवली. मी म्हटलं, "अगं, मिळाली ना आपल्याला. बाहेर रांग तुंबलीये. कशाला बिचारीला आणखी लाजवतेस?"

खपलीला चिमटा लागला तशी ती कळवळली. "हात नको लावू, दादा, लय झोंबतं." मी म्हटलं, झालंच बाई, झालंच. अख्खी निघाली, एक कोपराही तुटला नाही. नळी, बर्फ, डबा, आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला रवाना.

मॅडमनी स्क्रब टायफसची गोळी लगेच दिली होती, ती तिने उलटून टाकली. गोळी टिकत नाही आणि त्या औषधाचं इंजेक्शन आमच्या रुग्णालयात नाही. मॅडम म्हणाल्या, "लिव्हरही सुजलंय. डेंग्यू असेल तर उगाच औषधांचा मारा करायला नको. रिपोर्ट कधी येईल?" मी म्हटलं, "परवापर्यंत नक्की, मॅडम. खपली अगदी पुस्तकातली आहे. जे असेल ते ती सांगणारच." "मग थांबते," म्हणाल्या.

घरी येताना पेढे घेतले. हर्षलाने विचारलं कशाचे, तर खपलीचे म्हटल्यावर तिने खाल्ला नाही. आईने दोन खाल्ले.

५ ऑक्टोबर

कोंडीचा ताप तसाच. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघतोय, जसं काही मी पाहिल्याने उतरणार आहे.

बाहेर पायरीवर पोशा भेटला. बोलता बोलता म्हणाला, "आयनं उपाय केला व्हता. बिबा घातला. पन उतला तिला, आग आग झाली नुसती." मला रागच आला. तापाला बिब्बा! सुईवर बिब्बा तापवायचा आणि त्याचं तेल कातडीवर टेकवायचं, कातडी जळली की रोग पळाला म्हणायचं. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, "अरे, बिब्ब्यानं ताप जातो का? विष असतं ते. आठ दिवस त्यात घालवलेत आणि आता आमच्या दारात आणलंत." म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. तिलाही ऐकू जावं असं वाटत होतंच मला. या लोकांना कधीतरी कोणीतरी ठणकावून सांगायला हवं.

नंतर पोशा आईशी जोरात काहीतरी बोलत होता, त्यांच्या बोलीत. मला अर्धंच कळलं.

मुंबईला फोन केला. नमुना पोहोचला, चांगल्या स्थितीत आहे, "उत्तम घेतलाय" असं तिकडची बाई म्हणाली. हे वाक्य मी मॅडमना, समीक्षाला आणि हर्षलाला सांगितलं. समीक्षाला दोनदा.

६ ऑक्टोबर

निगेटिव्ह.

फोनवर रिपोर्ट आला तेव्हा मी पुन्हा पुन्हा नाव तपासलं. कोंडी, वय, गाव, सगळं बरोबर. जंतू नाही. इतकं वाईट वाटलं की कोणाला सांगायची लाज वाटावी. बाईला तो आजार नाही याचा आनंद व्हायला हवा होता. मला आपली पहिली खपली वाया गेल्यासारखं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "नीलेश, खात्रीनं? मी आज गोळी बारीक करून नाकातल्या नळीतून देऊन बघणार होते."

मी म्हटलं, "मॅडम, रक्ताचं सोडा, रक्त फसवतं. खपलीत नाही म्हणजे नाही. नमुना पहिल्या दर्जाचा होता, त्यांनीच सांगितलंय."

त्यांनी थोडा विचार केला. "मग डेंग्यूच धरून चालू या. जोडीला लेप्टोचं इंजेक्शन चालू ठेवू." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्यांच्यासमोर तीस खाटा आहेत, माझ्यासमोर एकच होती.

७ ऑक्टोबर

कोंडीला धाप लागली आहे. ऑक्सिजन लावला. फुफ्फुसात पाणी झालंय असं फोटोत दिसतं. डेंग्यूतही होतं म्हणे.

व्हरांड्यात पोशा आईवर ओरडत होता. या वेळी सगळं समजलं, कारण आम्हाला समजावं म्हणूनच तो ओरडत होता. "तुज्या बिब्यानं जहर चढलं तिच्या अंगात! सायेब बोलले जहर हाय!" म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. समीक्षाने त्याला गप्प केलं आणि मग माझ्याकडे वळून पाहिलं.

मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे विष म्हणालो होतो, पण ते या अर्थाने नाही. त्याला तिथेच थांबवून समजावता आलं असतं. पण मला रक्ताच्या नळ्या लावायच्या होत्या, आणि खरं लिहायचं तर, बिब्बा बंद झाला तर बरंच आहे असंही मनात आलं.

८ ऑक्टोबर

पनवेलला हलवायचं ठरलं. व्हेंटिलेटरची खाट रिकामी नाही. नवी मुंबईत नाही. मॅडम सकाळपासून फोन करताहेत, त्यांचा आवाज बसलाय. कोंडी कोणाला ओळखत नाही. मध्येच गवत बांधल्यासारखे हात हलवते.

जेवण गेलं नाही. हर्षला म्हणाली, सांग काय झालं. काय सांगू? सगळं बरोबर केलंय आणि बाई मरते आहे.

१० ऑक्टोबर

काल लिहिलं नाही.

काल सकाळी कोंडी गेली. मी लॅबमध्ये होतो. समीक्षा दारात आली आणि तिने मला "दादा" न म्हणता "नीलेश" म्हटलं. "नीलेश, चल जरा."

पडद्याआड कोंडीला पुसून नीट करायला घेतलं होतं. परकराची नाडी इतकी घट्ट होती की कापावी लागली. समीक्षाने तिला कुशीवर वळवलं. पाठीमागे, डाव्या कमरेवर, नाडीचा वळ उमटलेला होता. बरोबर त्या वळावर छोटा, गोल, काळा डाग. वाटाण्याएवढासुद्धा नाही. भोवती कडा.

समीक्षाने बोलायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या.

मी कोंडीला उताणी करून बेंबीजवळची जागा पाहिली, मी खपली काढली तिथली. मोठा डाग, एका बाजूला खाली ओघळ गेलेला, तेलाचा थेंब घरंगळावा तसा. अशा ओघळाचे डाग माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांवर आहेत. मी लहान असताना तिची मावशी दिव्यावर बिब्बा तापवून लावायची आणि मी समोर बसून बघायचो. ज्याने हे जन्मभर पाहिलंय त्याने बिब्ब्याच्या भाजल्याची खपली काढून मुंबईला पाठवली. उत्तम नमुना. बिब्ब्यात जंतू कुठून सापडणार?

झोंबतं म्हणाली होती ती. सरांनी सांगितलं होतं, दुखत नाही. मी विचारलं काय? कुठे दुखतं. तिने बिचारीने दुखतं ते दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी पोशाने माझ्या तोंडावर सांगितलं, बिबा घातला, उतला. त्यावर मी त्यालाच झापलं.

पोशाला म्हटलं, एक तपासणी राहिली आहे, करू का. तो म्हणाला, "आता काय करायचं ते करा." चिमटा हातात घेतला. समीक्षाने मनगट धरलं तेव्हा खपली निघाली. एक कोपरा तुटला.

१४ ऑक्टोबर

पोशा मृत्यूचा दाखला न्यायला आला. त्यावर डेंग्यू लिहिलंय. त्याच्या पोरीला, प्रियाला, घेऊन आला होता. ती दुसरीत आहे, सारखी जांभया देत होती.

विचारलं, आई कशी आहे. म्हणाला, "घरात नाय घेत मी तिला. शाळेच्या पडवीत निजतं. वाडीत कोन बोलत नाय तिच्याशी." मग निगेटिव्हचा तो कागद खिशातून काढून दाखवला. समीक्षाने त्याला दिला होता. घडी घालून घालून मऊ झालाय. "कागदावर हाय ना सायेब, किड्याचा ताप नाय. मंग बिबाच ना? सगळ्यांना दावला मी."

मी म्हणालो, "दुसरा रिपोर्ट येऊ दे." तो म्हणाला, "आता कशाला?"

खरं सांगायला तिथे जागा होती. मी प्रियाला बिस्किटांचा पुडा दिला आणि आत गेलो.

१६ ऑक्टोबर

पॉझिटिव्ह.

मॅडमच्या खोलीत दार लावून सांगितलं, सगळं, बिब्ब्यासकट. त्या मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही अंग बघायला हवं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी गोळी थांबवायची नसते, हे मला माहीत होतं." मग टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवत राहिल्या. त्यांनी दाखल्यावरचं कारण दुरुस्त करायला वर पाठवलं आहे. मी विचारलं, घरच्यांना कोण सांगणार? "तू सांग. तुझ्याशी बोलतात ते. येऊ का मी बरोबर?" मी म्हटलं, नको, मी जातो.

२४ ऑक्टोबर

गेलो नाही अजून.

आता तापाचा प्रत्येक बाईपेशंट समीक्षा पडद्याआड पायाच्या बोटांपासून तपासते, पुरुष मी. चौकच्या बाजूचा रोहिदास म्हणून एक जण आला, पट्ट्याखाली खपली. मॅडमनी गोळी आधी दिली, नमुना मग घेतला. तो काल चालत घरी गेला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो तर औषधांची ट्रॉली पाडली. सगळे हसले. आता इकडे लोक म्हणायला लागलेत, नीलेशच्या हाताला यश आहे.

आईने गुडघे दुखतात म्हटलं. मी तिच्या डागांकडे बघत बसलो. ती म्हणाली, "काय रे, असा काय बघतोस?"

३ नोव्हेंबर

भाऊबीज. बहीण आली होती. सगळ्यांबरोबर हसलो. हर्षलाने नंतर विचारलं, वाडीवर कधी जाणार आहेस? म्हटलं, दिवाळी होऊ दे, सणात कशाला. ती म्हणाली, "त्या म्हातारीची दिवाळी पडवीत झाली असेल ना?" मला तिचा राग आला. वही तिनेच आणून दिली, नाहीतर हेही लिहिलं नसतं.

१७ नोव्हेंबर

आज गेलो.

पॉवरहाऊसपर्यंत मोटारसायकल गेली, पुढे चढ आहे, चालत. खिशात दोन्ही रिपोर्ट होते. रस्ताभर वाक्य घोकत होतो: पोशा, चूक माझी होती. आईची नव्हती. मी चुकीच्या जागेची खपली काढली. एवढंच. तीन छोटी वाक्यं, ती तर येतील.

वाडीत निम्म्या घरांना कड्या. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात आणि माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ते मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच दिवाळी होऊ दे म्हणालो होतो की काय, कोण जाणे. पोशाच्या दारालाही कडी होती. प्रियाला घेऊन गेला. आता पावसाच्या तोंडावर येईल.

बुधी शाळेच्या पडवीत होती. तीन दगड, एक पातेलं, एक गोधडी. मला तिने ओळखलं. उठून बसायला पोतं झटकलं.

मी म्हटलं, "आजी, कोंडी तुझ्या बिब्ब्यानं नाही मेली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग कशानं मेलं?"

"गवतातला किडा चावला होता. बारीक किडा. पाठीमागे, कमरेवर. त्याचा ताप होता. तपासलंय आम्ही, हा बघ कागद." तिला वाचता येत नाही. तरी तिने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि छातीशी धरला. तिचा चेहरा सैल झाला आणि मला वाटलं, झालं, सुटली ही. आता पुढचं वाक्य.

तेवढ्यात तिने विचारलं, "त्या किड्याच्या तापावर औषद नाय, बाबा?"

"आहे," म्हणालो.

"मंग?"

मी चुकीच्या जागेची खपली काढली. पाठ होतं ते. जिभेवर होतं. मी म्हणालो, "उशीर झाला."

तिने हळूहळू मान हलवली. जरा आधी तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते माझ्यासमोर गेलं. "व्हय," म्हणाली. "पोशा बोलला व्हता, तापलं त्याच दिशी न्हेऊ दवाखान्यात. मीच बोलले, टेंपोला पैसं कुटं, बिबा घालते, सकाळला उतरंल. मंग आनिक येक दिस. मंग आनिक येक. उशीर माज्यानंच झाला, बाबा."

मी नाही म्हणालो. "नाही, आजी," एवढंच. तिला ते समजूत काढल्यासारखं वाटलं. माझ्या हातावर थोपटून ती चहा ठेवायला उठली. काळा चहा, गूळ घातलेला. मी तो सगळा प्यालो. इतक्या वेळात सतरा वेळा सांगता आलं असतं. ती चुलीत काटक्या सारत होती, मधूनमधून कागदाकडे बघत होती, आणि मी फुंकर मारत चहा पीत होतो.

निघालो तेव्हा पडवीच्या पायरीपर्यंत आली. म्हणाली, "बाबा, पोशा माज्याशी बोलत नाय. जाताना पोरीलापन भेटू नाय दिली. तू सांगशील तं आयकंल तो, तुजं खरं मानतो. उशीर माज्यानं झाला त्ये मी कबूल करीन त्याच्यापुढं. पन बिबा नव्हता, येवढं त्याला सांग."

सांगतो म्हणालो.

खाली येऊन गाडीला किक मारली. पोशा कुठल्या भट्टीवर गेलाय, ते मी तिला विचारलं नव्हतं. चढ काही फार नाही, परत जाऊन विचारता आलं असतं. आता घरी बसून हे लिहितो आहे.